शेरा : समक्ष भेट झाली

राजकारणात असल्यामुळे मला नारळ फोडावे लागतात. जत्रेत कपाळाला भंडारा लावून घ्यावा लागतो, एखाद्या गावात कौल लावल्याशिवाय सभा सुरू होत नसेल तर तोही लावते. हे सगळं लोकांसाठी. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही 'आहे' असं म्हणताना जीभ अडखळते. वडील नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते. आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा त्यांचा मायक्रोमीटर जास्त जपून ठेवलेला असायचा. जे मोजता येतं तेवढं खरं, बाकी गप्पा... अशा घरात मी वाढले.

हा अनुभव मी कुठल्या भाषणात सांगितलेला नाही. सांगितला असता तर विरोधकांना वर्षभराचा मसाला मिळाला असता! पण या सदरातले तुमचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतेय, आणि दर वेळी वाटतं — आपणही एकदा लिहून मोकळं व्हावं. वस्तीचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

मी तेव्हा सरकारी नोकरीत होते. पहिलीच नेमणूक — नायब तहसीलदार, निवडणूक शाखा, पाथर्डी. परिविक्षाधीन. जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर झालं. आम्ही आपले तेव्हाही 'नगर' म्हणायचो आणि आजही.

परीक्षा पास झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. नोकरीला लागल्यावर काय होतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गावात एका कापडदुकानाच्या वर खोली घेतली होती. डबा लावला होता. डबेवाल्या मावशी दाराच्या खिळ्याला डबा अडकवून जायच्या, रिकामा घेऊन जायच्या. महिनाभर मी त्यांचा चेहराही पाहिला नव्हता. ऑफिसात सगळे "हो मॅडम", "झालं मॅडम", "पाठवते मॅडम". त्यापुढे एक वाक्य नाही. वयानं सगळे मोठे, आणि मी त्यांची साहेब — त्यांनी तरी माझ्याशी काय बोलावं? रात्री वडिलांचा फोन यायचा. "जेवलीस?" "हो." "बरं." संपलं. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, आणि आमच्या दोघांमधलं बोलणं ती करायची हे तिच्यामागे आमच्या लक्षात आलं होतं.

शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडातून कधी कधी एक शब्द निघायचा नाही. त्यातून एक सवय लागली होती — एकटी असले की मी मतदार याद्या मोठ्यानं वाचायचे. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. कामच ते होतं, पण आपला आवाज आपल्या कानावर पडावा हाही भाग होता. हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून सांगतेय.

त्या हिवाळ्यात याद्यांची दुरुस्ती चालू होती. मयत, दुबार, स्थलांतरित अशी नावं शोधायची, बीएलओनं, म्हणजे त्या मतदान केंद्राचं काम दिलेल्या शिक्षकानं, शेरा मारायचा, आणि आम्ही काही ठिकाणी जाऊन खात्री करायची. तालुक्याच्या पूर्वेला, बीडच्या हद्दीजवळच्या एका वस्तीची यादी माझ्याकडे आली. जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'स्थलांतरित'. बीएलओ गुरुजी नवीन होते, पश्चिमेकडून बदलून आलेले. त्यांनी दारोदार जाऊन पाहिलं, दाराला कुलपं होती, त्यांनी लिहिलं. त्यांचं चुकलं असं नाही... पण ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमाराला परत येतात हे आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. माहीत असून मला कुणी बोललं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, जाऊन येऊ. खोटं कशाला बोलू — ऑफिसात बसवत नव्हतं म्हणून निघाले.

जीपवर गर्जेमामा होते. पन्नाशीचे, त्याच भागातले. वाटेतल्या ओढ्यावरची फरशी पावसाळ्यात खचली होती, तिथे दगडावरून जाताना टायर बसलं. मामा स्टेपनी काढायला लागले. म्हणाले, "मॅडम, वस्ती ही काय, समोरच्या चढाला. पन बसा जरा, मी येतो संगं."

मी म्हटलं, "तुम्ही चाक बदला, मी होते पुढे."

वीस मिनिटांची चढण होती. डिसेंबरातलं ऊन, दुपारचा एक वाजायला आलेला. बाजरी निघून गेलेली, रानं मोकळी. वस्तीवर पोचले आणि... मी शहरात वाढलेली, मला रिकामं गाव माहीतच नव्हतं. दहा-बारा घरं, सगळ्यांच्या दाराला कुलूप किंवा कडीला तार पिळलेली. चुलीपुढची जागा सारवलेली, तिला भेगा पडलेल्या. एका ओट्यावर पाटा उपडा घातलेला. कुठे माणूस नाही, कोंबडी नाही, रेडिओ नाही. एक कुत्रं तेवढं सावलीत पडलं होतं. ते भुंकलं नाही. उठलं, माझ्याजवळ आलं आणि पायाशी बसलं. त्यालाही कुणीतरी हवं होतं बहुतेक.

मी दोन-तीनदा हाक मारली. "कुणी आहे का?" मग एका बंद घराच्या ओट्यावर बसले, फाईल उघडली आणि सवयीनं यादी वाचायला लागले. मोठ्यानं.

"इंदूबाई रामकिसन... वय एकतीस..."

"हाय की."

मी मान वर केली. घराच्या कोपऱ्याशी एक बाई उभी होती. उंच, काळीसावळी, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. साडीवर पुरुषाचा निळा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, तिच्यावर रक्त वाळलेलं. मला हायसं वाटलं हो! त्यापलीकडे काहीही वाटलं नाही. अंगावर काटा नाही, गार वारा नाही... कुत्रं उठून शेपूट हलवत तिच्याकडे गेलं. मी यादीतला फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. तीच.

"तुम्ही स्थलांतरित आहात असं लिहिलंय इथे," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"गाव सोडून गेलात असं."

"गेलो म्हंजी काय कायमचं गेलो का?" ती जरा चिडूनच बोलली. "पाडव्याला येतो ना माघारी. घर हितंच हाय, देव हितंच हायेत. नाव नका कापू म्याडम."

"नाही कापत. तुम्ही समोर आहात ना."

मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि शेरा लिहिला — 'समक्ष भेट झाली.' तारीख घातली, सही केली. पेन अजून कागदावर होतं तेवढ्यात ती म्हणाली,

"बाबांचं बी बघा. सासरे माझे. यादीत असतील."

होते. लक्ष्मण, वय अठ्ठ्याहत्तर. पुढे 'स्थलांतरित'च.

"कुठे आहेत ते?"

"या."

ती पुढे चालायला लागली. पायात चपळाई होती, मी फाईल सांभाळत मागे. तिच्या घराच्या पुढच्या दाराला बाहेरून कडी होती. ती तिकडे गेली नाही. बाजूनं शेराच्या झाडांच्या कुंपणातून मागे वळली. तिथे एक पत्रा पुढे आलेला होता, अगदी कपाळाच्या उंचीवर. ती न वळता म्हणाली, "वाकून या, पत्रा लागंल." मी वाकले. मागे गोठा होता. जनावर नव्हतं, नुसता अंधार आणि जुन्या कडब्याचा वास.

ती दाराशी थांबली.

"तुमी बघा आत. माज्या मोळ्या राह्यल्यात."

मला वाटलं, सरपणाच्या मोळ्या असतील. मी वाकून आत गेले.

म्हातारबाबा गव्हाणीजवळ पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग छाती हलताना दिसली. मी ओरडले, "इंदूबाई, पाणी आणा!"

बाहेर आले तर ती नव्हती. कुंपणाजवळ नाही, गल्लीत नाही. वस्तीवरून खालचं सगळं उघडं रान दिसायचं, ओढ्याजवळची आमची जीपसुद्धा... त्या सगळ्या उन्हात एक माणूस चालताना दिसत नव्हता. मला तिचा राग आला. सासरा असा पडलाय आणि ही मोळ्या बांधायला गेली! पर्समध्ये माझी पाण्याची बाटली होती. बाबांच्या ओठांवर थोडं थोडं सोडलं. त्यांनी गिळलं. मग मी चढ उतरून पळत सुटले. साडी नेसले होते, दोनदा पडले.

गर्जेमामा आणि मी — दोघांनी बाबांना गोधडीत घालून खाली आणलं. कसं आणलं ते विचारू नका. मागच्या सीटवर बाबांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले, जीप निघाली, तेव्हा मामांनी आरशातून विचारलं,

"मॅडम, गोठ्यात कशा गेल्ता तुमी?"

"त्यांच्या सुनेनं नेलं."

"कंच्या सुनंनं?"

"इंदूबाईनं. अहो, ती तिथेच होती आणि मला दाखवून निघून गेली. मोळ्या राहिल्यात म्हणे!"

मामांनी ब्रेक मारला नाही, पण गाडी हळू झाली. "मॅडम, इंदी श्रीगोंद्याकडं हाय. माझ्या मेव्हन्याच्या टोळीत. मेव्हना मुकादम हाय तिथला. दसऱ्याला म्याच त्यांचं सामान ट्रॅक्टरात चढवलं हुतं."

"मग आली असेल परत."

"हंगामाच्या मधी? कोन सोडतंय?"

खिंडीजवळ मोबाईलला रेंज आली. मामांनी मेव्हण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून ट्रॅक्टरचा आणि बायकांचा आवाज.

"दाजी, इंदी हाय का तिकडं?"

"हाय की. फडात हाय. का वं?"

"द्या तिला जरा."

थोडा वेळ गेला. मग — "कोन?"

तोच आवाज होता. जरा घोगरा, शब्द तोडून बोलण्याची तीच ढब. मी घड्याळ पाहिलं. सवय म्हणा, वडिलांची म्हणा. आमचं बोलणं होऊन दीड तास झाला होता. वस्तीवरून श्रीगोंद्याच्या त्या उसाच्या फडात पोचायला गाडीनं तीन-साडेतीन तास लागतात. मामांनीच सांगितलं, बाबा पडलेत, पाय मोडलाय, जित्ते हायेत, नगरला नेतोय.

पलीकडे ती रडायला लागली. आणि रडताना बाई एकच म्हणत होती, "मला वाटलंच हुतं सकाळधरनं... वाटलंच हुतं..."

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी तसेच पडून असावेत, आणखी एक दिवस गेला असता तर काही उपयोग नव्हता. शेजारची एक म्हातारी त्यांना भाकरी द्यायची, ती त्याच आठवड्यात लेकीकडे गेली होती. म्हणजे वस्तीवर दुसरं कुणी नव्हतंच. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर सुनेला शिव्या घातल्या. "आली, पानी पाजलं आन तशीच गेली. बस म्हनलं तर बसली न्हाई."

"बाबा, पाणी मी पाजलं तुम्हाला," मी म्हटलं.

"तुमी मंग पाजलं. आदी तिनं पाजलं."

त्यावरून ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

मुलगा, रामकिसन, दुसऱ्या दिवशी आला. इंदूला येता आलं नाही. दोघंही निघाले असते तर टोळीचं काम अडलं असतं, पोरंही होती बरोबर. आणि मला तर ती दिसल्याशिवाय चैन पडेना. मी पाहिली ती कोण होती? त्या रविवारी मी एसटी पकडली आणि श्रीगोंद्याला गेले. कुणाला न सांगता. सांगणार तरी कुणाला होते?

फड रस्त्यापासून आत होता. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, एका रांगेत, पोरं धुळीत खेळत होती. मुकादमानं बोट दाखवलं — "ती काय, निळ्या शर्टातली."

उंच. काळीसावळी. डोक्याला फडकं. उसाचं पातं हाताला कापतं म्हणून या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, हे मला तिथे कळलं. ती ऊस तोडून त्याच्या मोळ्या बांधत होती... मोळ्या. मी तिथेच बांधावर बसले.

ती जवळ आली तेव्हा मला तिनं ओळखलं नाही. अजिबात नाही. अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. मी कोण ते सांगितल्यावर पाया पडायला वाकली, मी धरली. तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

"हे कधी लागलं?"

"बाबा सापडले ना, त्याच दिशी. सकाळी अकराच्या टायमाला. कोयता निसटला."

मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, किंवा हसेल. ती खाली बसली आणि ऐकत राहिली. मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाली, "त्या दिशी अंगठ्याचं रगत लई गेलं. मला गरगराया लागलं. एक वाजता बायांनी बांधावर सावलीला झोपवली. मेल्यावानी झोपले बगा. लई हलवली तवा उठले."

बाजूला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "उठली तीच 'मोळ्या राह्यल्यात, मोळ्या राह्यल्यात' करत."

"स्वप्न पडलं होतं का? घराचं?" मी विचारलं.

"न्हाई वं म्याडम. काय बी न्हाई." ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. "मी घरी गेले आन मलाच ठावं न्हाई... कसं दिसत हुतं घर?"

मी सांगितलं. भेगा पडलेलं सारवण, उपडा पाटा, कुत्रं. कुत्र्याचं ऐकल्यावर ती पहिल्यांदा हसली. "शेपूट हलवली? मंग मीच आसंन. ते दुसऱ्याला बगून हलवीत न्हाई." मग तिनं मला चहा पाजला, बिनदुधाचा, पाचटाच्या धुराच्या वासाचा. संध्याकाळी पाचच्या एसटीनं मी परत आले. नगरला गाडी बदलायची होती. तिथे उतरले आणि पाथर्डीची गाडी न धरता रिक्षा करून नागापूरला घरी गेले. वडिलांनी दार उघडलं. "काय गं, काही झालं का?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, आले." त्यांनी दोन माणसांचा भात टाकला. त्या रात्री आम्ही बरंच बोललो. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही; त्यांनी मायक्रोमीटर काढला असता.

आता त्या शेऱ्याचं. यादीवर माझ्या सहीनं लिहिलेलं होतं, इंदूबाईंशी समक्ष भेट झाली. आणि त्याच दिवशी ती श्रीगोंद्याच्या फडात होती हे आख्खी टोळी सांगत होती. गुरुजींनी रीतसर लेखी दिलं की, मॅडमच्या आणि माझ्या शेऱ्यात तफावत आहे. त्यांचंही बरोबर होतं. तहसीलदार साहेब भला माणूस. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रोबेशनवर आहात. 'नातेवाइकांकडून खात्री केली' असं दुरुस्त करून टाका आणि आद्याक्षरी करा. विषय संपला."

साधी गोष्ट होती. मी पेन काढलं. ते वाक्य खोडायला हात उचलेना. मी खोटं काय लिहिलं होतं? मी पाहिलं, बोलले, लिहिलं. नोकरीत आल्यापासून जे जे मी लिहिलं होतं — 'अवलोकन केले', 'खात्री केली', 'उचित कार्यवाही करावी' — त्यातलं एवढं एकच वाक्य माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिलेलं होतं.

"साहेब, राहू द्या," मी म्हटलं.

"खुलासा मागतील."

"देते."

मी खुलासा लिहिला : सदर महिलेची ओळख यादीतील छायाचित्रावरून पटवली, तिच्याशी बोलणे झाले, तिने दाखवल्यामुळे सासऱ्यांचा जीव वाचला. याहून अधिक खुलासा करता येत नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि फाईलला लावला. पुढे काहीच आलं नाही. वरती कुणी वाचला तरी का, देव जाणे. वस्तीतलं एकही नाव मात्र कापलं गेलं नाही, कारण मी पाडव्यानंतर पुन्हा जाऊन प्रत्येकाला भेटले.

त्यानंतर रविवारी मी खोलीत बसेनाशी झाले. कधी फडावर, कधी अशा रिकाम्या वस्त्यांवर. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दाराशी दिवसातून एकदा कुणीतरी जाऊन हाक मारावी, एवढी साधी व्यवस्था व्हावी म्हणून मी कागद लिहायला लागले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर... पाच वर्षं लिहिले. एक दिवस गर्जेमामाच म्हणाले, "मॅडम, ज्या टेबलावर तुमी कागद पाठीवता, त्या टेबलावर बसा की जाऊन." मी राजीनामा दिला. पहिली निवडणूक हरले, दुसरी जिंकले. लोक मला विचारतात, राजकारणात कशा आलात? मी सांगते, ऊसतोड मजुरांचे प्रश्न पाहून. ते खरंच आहे. फक्त अर्धं आहे.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला हे सांगितलंय. ती म्हणाली, तू एकटी होतीस, उन्हातून चढून गेली होतीस, उपाशी होतीस. समोर फोटो होता, नाव वाचत होतीस. मनानं बाई उभी केली. पटतं मला. अगदी पटतं. पण तो पुढे आलेला पत्रा मनाला कसा दिसला? अंगठ्याची चिंधी? जिला कधी ऊस तोडताना पाहिलं नाही तिच्या अंगावर मी तो शर्ट कुठून चढवला? आणि मोळ्या? मायक्रोमीटरनं मोजून झालंय सगळं, उत्तर येत नाही.

बाबा त्यानंतर तीन वर्षं काठी टेकत जगले आणि सुनेला त्या दिवसावरून बोलत राहिले. इंदू आता तोडीला जात नाही. मुलगा कमावता झालाय. तिच्या गावाकडे दौरा असला की ती येते. सभा संपेपर्यंत थांबते, गर्दी ओसरली की माझा हात धरून बाजूला नेते आणि म्हणते, "सांगा की." मी सांगते. पहिल्यापासून, सगळं. तिला एक शब्द कमी केलेला चालत नाही. चुकलं तर तीच दुरुस्त करते, जणू ती तिथे होती आणि मी नव्हते.

मागच्या महिन्यात भेटली तेव्हाही तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं,

"म्याडम, मी निघाले तवा माघारी वळून बगितलं का वं, घराकडं?"

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला काहीतरी चांगलं सांगावं असं फार वाटलं. आम्हा पुढाऱ्यांना ते जमतंही. पण मी खरं तेच सांगितलं — की मला माहीत नाही. मी तेव्हा गोठ्यात होते, माझी पाठ तुझ्याकडे होती.